पाप, प्रायश्चित्त आणि भरपाई

इसवी सन 390. थेस्सलोनिका शहरात बुथेरिक नावाच्या सेनापतीने लोकांच्या लाडक्या रथस्पर्धकाला तुरुंगात टाकले. खवळलेल्या जमावाने बुथेरिकलाच ठार मारले. रोमन सम्राट थिओडोसियसने त्याचा सूड उगवला आणि सैनिकांनी शहरात सरसकट कत्तल केली. मृतांचा आकडा सात हजार होता, असे पाचव्या शतकातला इतिहासकार थिओडोरेट लिहितो.

मिलानचा बिशप अँब्रोझ याने सम्राटाला पत्र लिहिले, तेही स्वतःच्या हाताने, म्हणजे लेखनिकालाही मजकूर कळू नये. बायबलमधल्या दावीद राजानेही आपले पाप कबूल केले होते, याची आठवण त्याने दिली आणि पश्चात्ताप होईपर्यंत सम्राटाच्या उपस्थितीत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करणार नाही, असे बजावले. थिओडोसियसने राजचिन्हे उतरवली आणि चर्चमध्ये सगळ्यांदेखत रडून क्षमा मागितली. बिशप सम्राटाला चर्चच्या दारातच अडवतो, हा चित्रकारांचा आवडता प्रसंग नंतरच्या कथेतला. खरे धाडस त्या पत्रात आहे.

त्या काळी खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा घोर पापांचे प्रायश्चित्त चारचौघांत होई आणि तेही आयुष्यात एकदाच. बाप्तिस्म्याने आधीची पापे धुतली जातात अशी श्रद्धा होती, पण त्यानंतर पुन्हा पाप घडले तर पुढे काय, या धास्तीने कित्येक जण बाप्तिस्माच लांबणीवर टाकत. सम्राट कॉन्स्टंटाईनने 337 मध्ये मरणाच्या उंबरठ्यावर तो घेतला.

ही कोंडी फुटली ती आयर्लंडच्या मठांत. तिथल्या साधूंनी पाप खासगीत, हवे तितक्या वेळा सांगण्याची रीत पाडली आणि कोणत्या पापाला कोणते प्रायश्चित्त हे सांगणाऱ्या छोट्या पोथ्या लिहिल्या. भाकरी-पाण्यावरचा उपास, स्तोत्रपठण, हद्दपारी, असा त्यांचा हिशेब. आज त्या वाचताना दंडसंहिता चाळल्यासारखे वाटते खरे. पण फिनियन या साधूच्या नावावर असलेल्या सहाव्या शतकातल्या पोथीतले एक कलम थबकायला लावते. एखाद्या धर्मसेवकाने खून केला, तर त्याने दहा वर्षे देशाबाहेर राहायचे, त्यातली तीन वर्षे भाकरी-पाण्यावर. चांगला वागल्याची साक्ष मिळाली की परत यायचे आणि मृताच्या आईवडिलांपुढे उभे राहून सांगायचे, की तुमच्या मुलाच्या जागी मी आहे, सांगाल ते करीन. उपास देवासाठी होता. पण ज्या घरातला कर्ता मुलगा गेला, त्या घरालाही कुणीतरी उत्तर द्यायला हवे, हे त्या साधूंनी ओळखले होते. पापाकडे इतक्या गांभीर्याने पाहणारे कलम चर्चच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

आयरिश साधू कोलंबानस आणि त्याच्या सोबत्यांनी ही रीत आजच्या फ्रान्समध्ये नेली. सगळ्यांना ती रुचली नाही. 589 मध्ये टोलेडोच्या परिषदेने पुन्हापुन्हा क्षमा मागण्याच्या प्रथेवर ताशेरे ओढले, तर 829 मध्ये पॅरिसच्या परिषदेने त्या पोथ्या जाळण्याचा हुकूम दिला. तरीही प्रथा टिकली. घसरण वेगळ्याच बाजूने झाली: लांबलचक उपासाऐवजी दानधर्म, मग रोख रक्कम. पैशाने प्रायश्चित्त फिटू लागले, तिथे श्रीमंताचे पाप हलके झाले.

1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने जाणत्या वयात आलेल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापकबुली बंधनकारक केली. ऐकलेले फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून जन्मभर मठात प्रायश्चित्ताला धाडण्याची शिक्षाही त्याच नियमात आहे. धर्मगुरू आणि कबुली देणारा यांच्यामध्ये जाळी असलेली लाकडी चौकट रूढ झाली ती त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी. मिलानचाच आर्चबिशप चार्ल्स बोरोमियो याने तिचा आग्रह धरला. त्याआधी 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरने पापदंडमाफीच्या विक्रीवर हल्ला चढवला होता. त्याच्या 95 प्रबंधांतला पहिलाच सांगतो, की ख्रिस्ती माणसाचे सारे आयुष्य पश्चात्तापाचे असावे.

गोव्यात या पापकबुलीला कुमसार म्हणतात. गंभीर पाप घडले असेल तर वर्षातून एकदा ते कबूल करण्याचे बंधन 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेतही कायम आहे. आणि 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथानुसार पापाची क्षमा मिळाली तरी चोरलेली वस्तू परत करणे, बदनाम केलेल्याची अब्रू सावरणे आणि इजेची भरपाई करणे ही कर्तव्ये उरतातच.