ओएसपीएफमधील बाह्य मार्ग

ओएसपीएफमधील बाह्य मार्ग म्हणजे 'ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट' (ओएसपीएफ) या लिंक-स्टेट राउटिंग प्रोटोकॉलमध्ये बाहेरून आणले गेलेले मार्ग होत. दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलकडून मिळालेले मार्ग, प्रशासकाने हाताने नोंदवलेले स्थिर मार्ग आणि राउटरला जोडलेली पण ओएसपीएफ न चालणारी नेटवर्क यांचा त्यांत समावेश होतो. अशा मार्गांची घोषणा करणाऱ्या राउटरला स्वायत्त प्रणालीचा सीमा राउटर म्हणतात. व्यवहारात 'एएसबीआर' हे त्याचे संक्षिप्त नाव रूढ आहे. आयपीव्ही४ साठी वापरल्या जाणाऱ्या ओएसपीएफ आवृत्ती २ चे प्रमाण वर्णन जॉन मॉय यांनी लिहिलेल्या आरएफसी २३२८ (एप्रिल १९९८) या दस्तऐवजात आहे.

पार्श्वभूमी

लिंक-स्टेट प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक राउटर स्वतःच्या जोडण्या आणि त्यांचे मूल्य एवढेच सांगतो. ही माहिती 'एलएसए' म्हणजे लिंक-स्टेट घोषणेच्या रूपात क्षेत्रातील सर्व राउटरांपर्यंत पोहोचते. त्यामुळे प्रत्येकाकडे क्षेत्राचा एकच नकाशा तयार होतो आणि डायक्स्ट्रा यांच्या रीतीने प्रत्येक राउटर त्यावरून सर्वांत कमी मूल्याचा मार्ग स्वतः काढतो. एखादी जोडणी दोन्ही टोकांच्या राउटरांनी सांगितली असेल तरच ती गणनेत धरली जाते.

बाह्य मार्गाला हा नियम लावता येत नाही. सीमेपलीकडच्या नेटवर्कची रचना ओएसपीएफला दिसत नाही. एएसबीआर सांगेल ते मान्य करावे लागते. क्षेत्राच्या आतील माहिती ही दोन्ही बाजूंनी पडताळलेली असते, तर बाह्य माहिती ही एकट्या साक्षीदाराची साक्ष असते. (दुसऱ्या क्षेत्रांतील मार्गही सारांशरूपाने कळतात, परंतु त्यांचा उगम ओएसपीएफच्याच नकाशात असतो.) म्हणून ही साक्ष कोणी दिली, कोणत्या मूल्याने दिली आणि ते मूल्य कोणत्या मापाचे आहे, या गोष्टी प्रोटोकॉल वेगळ्या नोंदवून ठेवतो.

घोषणेचे स्वरूप

एएसबीआर आपल्या राउटर-एलएसएमध्ये ई-बिट लावून स्वतःची ओळख जाहीर करतो. त्यानंतर प्रत्येक बाह्य नेटवर्कसाठी तो प्रकार ५ चा स्वतंत्र एलएसए काढतो. त्यात नेटवर्कचा पत्ता लिंक-स्टेट ओळखक्रमांकाच्या जागी येतो, घोषित करणाऱ्या राउटरचा क्रमांक असतो, आणि सोबत नेटवर्क मास्क, मूल्याचा प्रकार, २४ बिटांचे मूल्य, अग्रेषण पत्ता व ३२ बिटांची मार्गखूण असते. सर्व बिट १ असलेले मूल्य, म्हणजे १,६७,७७,२१५, याचा अर्थ 'पोहोचता येत नाही' असा होतो. पत्ता आणि मास्क दोन्ही ०.०.०.० असल्यास तो एलएसए मूलभूत मार्गाचा, म्हणजे अन्य कोणतीही नोंद न जुळल्यास घ्यावयाच्या मार्गाचा असतो.

लिंक-स्टेट ओळखक्रमांकात मास्क नसतो. त्यामुळे एकाच राउटरला १०.०.०.०/१६ आणि १०.०.०.०/२४ ही दोन्ही नेटवर्क घोषित करायची असल्यास दोघांचा ओळखक्रमांक सारखाच ठरेल. आरएफसी २३२८ च्या ई परिशिष्टात यावर उपाय दिला आहे: अधिक नेमक्या नेटवर्कच्या ओळखक्रमांकात यजमान-भागाचे बिट १ करावेत. येथे /२४ ची नोंद १०.०.०.२५५ या ओळखक्रमांकाने होते. डेटाबेसमध्ये असा पत्ता पाहून तो चुकीने आला असे समजण्याचे कारण नाही.

एएसबीआरपर्यंतचा मार्ग

प्रकार ५ चा एलएसए क्षेत्रांच्या सीमा ओलांडताना बदलत नाही. घोषित करणारा म्हणून सर्वत्र मूळ एएसबीआरचाच क्रमांक दिसतो. मात्र एएसबीआरचा राउटर-एलएसए त्याच्या क्षेत्राबाहेर जात नाही. त्यामुळे दुसऱ्या क्षेत्रातील राउटरला साक्ष मिळते, पण साक्षीदार कोठे आहे हे कळत नाही. ही उणीव प्रकार ४ चा एलएसए भरून काढतो. क्षेत्रसीमेवरील राउटर तो काढतो आणि 'अमुक एएसबीआर माझ्यामार्फत इतक्या मूल्यावर आहे' असे सांगतो.

एएसबीआरचा वीजपुरवठा अचानक बंद पडला तर त्याने काढलेले एलएसए मागे घेण्यास कोणी उरत नाही. ते कमाल वयापर्यंत, म्हणजे ३६०० सेकंदांपर्यंत, इतरांच्या डेटाबेसमध्ये राहू शकतात. तरीही मार्ग टिकत नाहीत, कारण एएसबीआरपर्यंत पोहोचण्याचा मार्ग नसेल तर त्याची बाह्य घोषणा गणनेत घेतली जात नाही. एएसबीआर चालू असून केवळ पलीकडचे नेटवर्क बंद पडले आणि ते त्याला कळलेच नाही, तर स्थिती अधिक कठीण होते. तेव्हा घोषणा चालूच राहते आणि तिच्यावर विसंबून पाठवलेली पॅकेट सीमेवर किंवा सीमेपलीकडे नष्ट होतात. स्थिर मार्ग ओएसपीएफमध्ये आणताना हे विशेषतः घडते.

मूल्याचे दोन प्रकार

बाह्य मूल्य ई१ किंवा ई२ या दोहोंपैकी एका प्रकारचे असते. (हे प्रकार एलएसएच्या क्रमांकांहून वेगळे आहेत.) ई१ मूल्य आतील मूल्याच्याच मापात धरले जाते, म्हणून एएसबीआरपर्यंतचे अंतर आणि बाह्य मूल्य यांची बेरीज केली जाते. ई२ मूल्य आतल्या कोणत्याही अंतराहून मोठे मानले जाते. तुलना फक्त बाह्य मूल्यांची होते. ती समान निघाली, तरच एएसबीआरपर्यंतचे अंतर पाहिले जाते.

समजा, २०३.०.११३.०/२४ हे नेटवर्क दोन एएसबीआर घोषित करतात. पहिला १० अंतरावर असून त्याचे बाह्य मूल्य २५ आहे. दुसरा ४० अंतरावर असून त्याचे मूल्य २० आहे. दोन्ही मार्ग ई१ असल्यास बेरजा ३५ आणि ६० येतात व पहिला निवडला जातो. दोन्ही ई२ असल्यास २५ आणि २० यांची तुलना होऊन दुसरा निवडला जातो, म्हणजे वाहतूक दूरच्या दाराने बाहेर पडते. एक मार्ग ई१ व दुसरा ई२ असेल, तर आकडे कितीही असोत, ई१ सरस ठरतो.

सिस्कोच्या राउटरांत बाह्य मार्ग आणताना काही न सांगितल्यास ई२ हाच प्रकार गृहीत धरला जातो, आणि मूल्य बहुतेक स्रोतांसाठी २०, तर बीजीपीकडून आलेल्या मार्गांसाठी १ असते. बाहेर जाण्याचे एकच दार असलेल्या जाळ्यात याने काही बिघडत नाही. दोन दारे असतील आणि प्रत्येक राउटरने जवळचे दार घ्यावे अशी अपेक्षा असेल, तर ई१ अधिक योग्य असतो.

एकाच नेटवर्ककडे जाणारे अनेक मार्ग असल्यास क्षेत्रांतर्गत, आंतरक्षेत्रीय, ई१ आणि ई२ या क्रमाने पसंती दिली जाते. हा क्रम तंतोतंत त्याच पत्त्याला व मास्कला लागू आहे. बाह्य मार्ग अधिक नेमका असेल, तर पॅकेट त्याच मार्गाने जाते, कारण अग्रेषणात सर्वांत लांब जुळणीचा नियम आधी लागतो.

अग्रेषण पत्ता

अग्रेषण पत्ता ०.०.०.० असल्यास पॅकेट एएसबीआरकडेच पाठवायचे असते. एएसबीआर आणि बाहेरचा राउटर एकाच इथरनेटवर असतील, तर पॅकेट आधी एएसबीआरकडे व तेथून त्याच तारेवरून परत बाहेरच्या राउटरकडे जाण्याचा फेरा पडतो. तो टाळण्यासाठी एएसबीआर बाहेरच्या राउटरचाच पत्ता येथे लिहितो. मग अंतरही त्या पत्त्यापर्यंतचे मोजले जाते. मात्र त्या पत्त्याकडे ओएसपीएफचा क्षेत्रांतर्गत किंवा आंतरक्षेत्रीय मार्ग असावा लागतो, अन्यथा एलएसए दुर्लक्षिला जातो. एलएसए डेटाबेसमध्ये आहे, पण मार्ग राउटिंग तक्त्यात नाही, या नेहमीच्या कोड्याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

बाह्य मार्गांना बंदी असलेली क्षेत्रे

स्टब क्षेत्रात प्रकार ५ चे एलएसए शिरत नाहीत. क्षेत्रसीमेवरील राउटर त्यांऐवजी एक मूलभूत मार्ग देतो. लहान क्षमतेच्या राउटरांवरील भार त्यामुळे हलका होतो. क्षेत्र स्टब आहे की नाही यावर शेजाऱ्यांचे एकमत हॅलो संदेशातील ई-बिटने तपासले जाते आणि ते नसल्यास शेजारसंबंध जुळतच नाही. हॅलो संदेशात, राउटर-एलएसएमध्ये आणि प्रकार ५ च्या एलएसएमध्ये 'ई' हेच अक्षर तीन वेगळ्या अर्थांनी येते: बाह्य मार्ग स्वीकारण्याची क्षमता, एएसबीआर असणे आणि ई२ मूल्य. नामकरणाची ही निवड अभ्यासकांच्या सोयीची नाही.

स्टब क्षेत्राच्या आतच बाह्य जोडणी असेल तर काय करायचे, याचे उत्तर 'एनएसएसए' या क्षेत्रप्रकाराने दिले. त्याची पहिली व्याख्या आरएफसी १५८७ (१९९४) मध्ये आणि सुधारित व्याख्या आरएफसी ३१०१ (२००३) मध्ये आहे. येथे एएसबीआर प्रकार ७ चा एलएसए काढतो व क्षेत्रसीमेवरील राउटर त्याचे प्रकार ५ मध्ये रूपांतर करतो. रूपांतरानंतर घोषित करणारा म्हणून मूळ एएसबीआरऐवजी रूपांतर करणाऱ्याचा क्रमांक दिसतो, म्हणून मार्गाचा उगम शोधताना प्रकार ७ पर्यंत मागे जावे लागते.

पुनर्वितरणातील धोके

दोन राउटर ओएसपीएफ आणि आरआयपी यांच्यात दोन्ही दिशांनी मार्गांची देवाणघेवाण करत असतील, तर आरआयपीतील मार्ग पहिल्या राउटरमधून ओएसपीएफमध्ये येतो आणि दुसऱ्याला बाह्य मार्ग म्हणून दिसतो. सिस्कोच्या पद्धतीत ओएसपीएफचा विश्वासक्रम ११० व आरआयपीचा १२० असून लहान आकड्याला पसंती मिळते. म्हणून दुसरा राउटर ओएसपीएफचा मार्ग खरा मानतो आणि तोच पुन्हा आरआयपीमध्ये घोषित करतो. ही नवी घोषणा कमी मूल्याची असल्यास आरआयपीतील राउटर तिच्याकडे वळतात, आणि पॅकेट दोन्ही जाळ्यांत गोल फिरत राहतात.

मार्गखूण अशा वेळी उपयोगी पडते. पहिला राउटर आपल्या घोषणेवर ठरावीक आकडा घालतो आणि तो आकडा दिसल्यास मार्ग परत पाठवायचा नाही, असा नियम दुसऱ्यावर लावला जातो. ओएसपीएफ स्वतः या खुणेचा वापर करत नाही; ती फक्त जशीच्या तशी पोहोचवतो. दुसरा धोका संख्येचा आहे. बीजीपीचे सर्व मार्ग ओएसपीएफमध्ये सोडल्यास प्रत्येकासाठी स्वतंत्र एलएसए निघून स्मृती अपुरी पडू शकते. त्यासाठी आरएफसी १७६५ (१९९५) मध्ये मूलभूत मार्ग वगळून इतर बाह्य एलएसएंच्या संख्येवर मर्यादा घालण्याची पद्धत सुचवली आहे.

आवृत्ती ३

आयपीव्ही६ साठीच्या ओएसपीएफ आवृत्ती ३ मध्ये (आरएफसी ५३४०, २००८) लिंक-स्टेट ओळखक्रमांकाला पत्त्याचा अर्थ राहिलेला नाही. नेटवर्कचा पत्ता व त्याची लांबी एलएसएच्या आत लिहिली जाते, त्यामुळे यजमान-भागाचे बिट बदलण्याची युक्ती अनावश्यक झाली. अग्रेषण पत्ता आणि मार्गखूण ऐच्छिक असून ती आहेत की नाहीत हे स्वतंत्र बिट सांगतात. ई१ व ई२ यांचे नियम मात्र आवृत्ती २ प्रमाणेच आहेत.