दोन पूर्णा आणि एक मासा

शेततळी भरत आली, मत्स्यबीज सोडायची घाई सुरू आहे. म्हणून आज पीक बाजूला ठेवून एका माशाचा इतिहास लिहितो.

१८३९ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची माहिती छापली. त्यात पुण्याच्या मुळा-मुठेतला एक महाशीर होता. शास्त्रीय नाव टोर खुद्री. हा मासा पावसाळ्यात अंडी घालायला वाहत्या, गोट्याच्या पाण्यात वर चढतो. पुढे धरणं झाली, वाट अडली. त्यात ऐन विणीच्या वेळी जाळी अन् सुरुंग. मासा कमी होत गेला.

१९७० च्या सुमारास टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवण तलावावर काम सुरू केलं. तयार मादीची अंडी हलक्या हाताने काढायची, त्यात नराचं पाणी मिसळायचं, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पिल्लं काढायची. जसं आपण रोपवाटिकेत रोप करतो, तसंच. आज जागतिक लाल यादीत हा मासा 'धोक्यात' या वर्गातून बाहेर आला आहे.

पण गोष्ट इथं संपत नाही. हेच बीज दूर कावेरीतही सोडलं गेलं. तिथं त्यांचा स्वतःचा कुबडवाला महाशीर होता. बाहेरचा वाढला, घरचा मागं पडला. २०१८ मध्ये कुठं त्या घरच्या माशाचं नेमकं शास्त्रीय नाव ठरलं, अन् तो आता अत्यंत धोक्यात आहे. एक वाचवताना दुसरा बुडाला.

हे आपल्याला का सांगतो? आपल्या जिल्ह्यात पूर्णा दोन. मलकापूर-नांदुऱ्याकडची तापीला जाते, देऊळगावराजाकडची खडकपूर्णा गोदावरीला. पैनगंगाही शेवटी गोदावरीलाच. पाणी वेगळं, मासे वेगळे. उद्या वैनगंगा-नळगंगा जोड झाली तर गोदावरीचं पाणी तापीच्या खोऱ्यात येईल. पाणी हवंच, पण त्यासोबत कोणते मासे येतील, हे कोणीतरी आधी पाहावं.

माझी चूकही सांगतो. मागं एकाने 'गावठी मांगूर' म्हणून बीज दिलं, मी विचार न करता शेततळ्यात सोडलं. निघाला आफ्रिकन. तो पाळायला देशात बंदी आहे, लहान मासे गिळतो, आपला देशी मांगूर आधीच धोक्यात. तळं उपसून सगळे काढले. त्या वर्षी सांडव्यावरून पाणी गेलं नाही, नाहीतर ते नाल्यातून नदीत गेले असते. परत कोणी आणू शकलं नसतं.

म्हणून एवढंच करा. बीज कुठलं ते विचारा. सांडव्याला बारीक जाळी लावा. अन् पहिल्या पुरात मासा वर चढतो तेव्हा नाल्यात आडवं जाळं टाकू नका.

बियाण्याची पिशवी आपण लेबल वाचून घेतो. माशाच्या पिशवीवर लेबल नसतं, तिथं आपल्यालाच विचारावं लागतं.