साठेखताचे हस्तांतरण

साठेखताचे हस्तांतरण म्हणजे स्थावर मालमत्ता विकत घेण्याच्या करारातील हक्क, खरेदीखत होण्यापूर्वीच, मोबदला घेऊन दुसऱ्या ग्राहकास देणे होय. गुंतवणूकदार मालकास विसार देऊन साठेखत करतो व ठरलेल्या मुदतीत, कर्जावाचून पूर्ण रक्कम देऊ शकणारा ग्राहक शोधतो. दोन किमतींतील फरक हा त्याचा नफा असतो. ग्राहक न मिळाल्यास विसार बुडण्याची शक्यता असते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार केवळ साठेखताने मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही; त्यामुळे पूर्ण रक्कम दिली तरी खरेदीखत नोंदवेपर्यंत ग्राहक मालक ठरत नाही. ‘रोखीचा ग्राहक’ या संज्ञेत नोटांनी रक्कम देणे अभिप्रेत नाही. १ जून २०१५ पासून अशा व्यवहारात ₹२०,००० किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई असून स्वीकारणाऱ्यास तेवढाच दंड होऊ शकतो.

पिंपरी-चिंचवडमधील संत तुकाराम नगरसारख्या वसाहतींत सदनिकेसाठी सोसायटीचे भागपत्र, तर चाकण पट्ट्यात जमिनीचा सातबारा व फेरफार तपासणे आवश्यक असते. महाराष्ट्रात शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यासच विकत घेता येत असल्याने तेथे ग्राहकांचे क्षेत्र मर्यादित राहते.