बिजासनची टेकडी आणि छोटी विमाने



इंदूरच्या इतिहासाचा आरंभ आपण अहिल्याबाईंपासून करतो, आणि ते योग्यच आहे. आपल्या विमानतळालाही त्यांचेच नाव आहे. त्या विमानतळाचा स्वतःचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. मी जन्मभर मराठी शिकवली. विमानविद्येत माझी गती नाही. तरीही मी या विषयाकडे ओढला गेलो, कारण दोन महानगरांच्या मध्ये वसलेल्या गावाचे देशात स्थान कोणते, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

1935 साली बिजासनची जागा निवडली गेली ती टाटांकडील वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या सल्ल्याने. 1932च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईस आणलेले टपाल पुढे मद्रासला नेले, तेच हे व्हिन्सेंट. 1937च्या नोव्हेंबरात टाटांची मुंबई-दिल्ली सेवा सुरू झाली, ती इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर असे थांबे घेत. तिन्ही संस्थानी राजधान्या! त्या चिमुकल्या विमानांना एका दमात दिल्ली गाठणे कठीण होते. आकाशमार्गावर इंदूरला मिळालेला हा मान काही अंशी विमानांच्या दुबळेपणाचा होता, असे म्हटल्याने होळकरांच्या दूरदृष्टीला उणेपणा येत नाही.

मध्यभारत राज्य स्थापन झाल्यावर, 1948च्या जुलैत, ग्वाल्हेर, दिल्ली व मुंबईकडे सेवा सुरू झाली. 1950च्या एप्रिलात विमानतळ केंद्राकडे गेला. 1953 साली आठ कंपन्यांचे विलीनीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स जन्मास आली. पुढे विमाने मोठी झाली, लांब पल्ल्याची झाली, आणि मुंबईहून दिल्लीस जाणाऱ्याला वाटेत उतरण्याचे कारण उरले नाही.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न अनेकदा झाले. 1981 साली ‘वायुदूत’ निघाली. प्रथम ईशान्य भारतासाठी, मग देशातील इतर लहान गावांसाठी. नाव ऐकताच मला कालिदासाचा मेघदूत आठवे. यक्षाने मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनीस जाण्यास सांगितले होते. मेघाला इंधनाचा खर्च नव्हता, वायुदूताला होता. 1993 साली ती कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

2011च्या सुमारास व्हेंचुराची नऊ आसनांची सेस्ना विमाने मध्यप्रदेशातील शहरांना जोडू लागली. पण मोटारीने चार तासांत भोपाळ गाठता येत असता विमानाचे भाडे कोण भरणार? लहान विमानाची हीच कोंडी आहे. वैमानिक, इंधन, देखभाल यांचा भार थोड्याच आसनांवर पडतो, आणि त्यांतली दोन रिकामी राहिली तरी हिशेब कोसळतो.

फ्लायबिगचे पहिले उड्डाण 3 जानेवारी 2021 रोजी इंदूरहून अहमदाबादकडे झाले. 2022च्या मार्चमध्ये त्याच कंपनीने इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा काढली. माळव्यातील मराठी माणसाला विदर्भाशी थेट जोडणारी ही वाट मला फार मोलाची वाटली होती. ती काही महिन्यांतच मिटली. ‘उडान’ योजनेत तोट्याची भरपाई साधारणपणे तीन वर्षे मिळते. लोकांना नव्या वाटेची सवय लागण्यास तेवढा काळ पुरेसा नाही, असे माझे मत आहे. एस.टी.ची गाडी रिकामी धावली तरी दुसऱ्या दिवशी सुटते. त्या भरवशावरच तर गावे तिची वाट पाहत उभी राहतात.

2024च्या जूनमध्ये मध्यप्रदेश शासनाच्या पुढाकाराने पुन्हा सहा-आठ आसनांची विमाने निघाली. आरंभीच्या गावांत इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर ही 1937ची तिन्ही नावे होती, आणि उज्जैनही.