बीटी कापूस (कोरपना परिसर)

मातीतल्या जिवाणूचा गुण शेतात आणण्याचा सर्वांत मोठा प्रयोग चंद्रपूर जिल्ह्यातल्या, तेलंगणाला लागून असलेल्या कोरपना तालुक्यात कपाशीच्या बियाण्यातून पोहोचला. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू एक स्फटिकरूप प्रथिन तयार करतो. बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळते, आतड्याला छिद्रे पडतात आणि अळी मरते. या प्रथिनाचे जनुक घातलेल्या संकरित कपाशीला भारतात मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली. 2006 मध्ये दोन जनुकांचे बीजी-2 वाण आले.

या तंत्राचे आयुष्य जनुकापेक्षा पीकपद्धतीवर अधिक अवलंबून आहे. पहिल्या प्रथिनाला गुलाबी बोंडअळी दाद देत नसल्याचे 2010 मध्ये गुजरातेत जाहीर झाले आणि 2017 च्या हंगामात बीजी-2 असूनही महाराष्ट्रात बोंडे किडली. ही अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. संकरित झाडाच्या बोंडातील काही सरक्यांत जनुक उतरतच नाही, त्यामुळे अळीला अर्धवट मात्रा मिळते आणि चिवट अळ्या वाचतात. फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभे ठेवले, की त्यांना पुढच्या हंगामापर्यंत अन्न पुरते. साध्या अळ्या टिकून राहाव्यात म्हणून पाकिटासोबत दिलेले बिगर-बीटी आश्रय बियाणे फारसे पेरले गेले नाही, याचा दोष शेतकऱ्यावर टाकला जातो. तो अन्याय आहे. कोरडवाहू शेतीच्या तुकड्यातल्या काही ओळी अळीसाठी सोडा, असे सांगणारी योजनाच चुकीच्या गृहीतावर उभी होती.

बीटीमुळे हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या, मग तंत्र फसले कसे, असा आक्षेप घेतला जातो. फवारण्या घटल्या हे खरे आहे, आणि हिरव्या बोंडअळीवर बीटीचा उपयोग आजही होतो. पण एका किडीवरचे यश दाखवून दुसरीकडचा पराभव झाकता येत नाही. नवे जनुक आणा, हा दुसरा युक्तिवादही अपुरा आहे; पीकपद्धती तीच राहिली तर तेही निकामी होईल. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने पुरस्कारलेली कमी कालावधीच्या वाणांची सघन लागवड अळीचा अन्नकाळच तोडते, म्हणून ती अधिक भरवशाची. याच शिवारातल्या सोयाबीनला दर 10 किलो बियाण्यामागे 250 ग्रॅम रायझोबियम हे नत्र पुरवणारे जिवाणू खत लावतात. तिथे किडीशी झुंज नसल्याने प्रतिकाराचा प्रश्नच येत नाही. कपाशीत मात्र डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटणे हा बीटी तंत्राचाच भाग मानला पाहिजे.