औंधचे राजघराणे आणि कृष्णाकाठचे ताट

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी त्यांच्या आहाराचा इतिहास एकच आहे. वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके ब्रिटिश अमदानीत सातारा जिल्ह्यातच मोडत. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे सरकारने तयार करविलेल्या जिल्हावर्णनाच्या ग्रंथात, ज्वारी आणि बाजरी ही या मुलखाची प्रमुख धान्ये म्हणून नोंदलेली आहेत. पश्चिमेच्या जावळी, पाटण, शिराळा या डोंगरपट्ट्यात भात, नाचणी आणि वरी पिकत असे, तर पूर्वेच्या माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या भागात शाळूवर, म्हणजे परतीच्या पावसाच्या ओलीवर येणाऱ्या रब्बी ज्वारीवर, माणसांची आणि कडब्याच्या रूपाने जनावरांचीही गुजराण होत असे.

या धान्यांभोवती जो स्वयंपाक घडला, तो आजच्या आहारशास्त्राच्या कसोटीलाही उतरणारा आहे. जात्यावर दळलेल्या पिठात कोंडा राही; भाकरीबरोबर मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे किंवा तुरीची आमटी असे, आणि तृणधान्यात कमी असलेले लायसिन हे प्रथिनांचे घटकद्रव्य कडधान्यातून भरून निघे. जवसाची आणि कारळ्याची चटणी, ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, तांदुळजा, घोळ, अंबाडी यांसारख्या पालेभाज्या हा त्याच ताटाचा भाग होता. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, ही गोष्ट जावळीच्या शेतकऱ्याला आकड्यांत ठाऊक नसली तरी बाळाच्या पेजेसाठी त्याच्या घरात नाचणीच वापरली जात असे. मात्र या आहाराचे गुणगान करताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहाटेच्या जात्याचे सारे कष्ट स्त्रियांच्या वाट्याला होते, आणि १८७६-७७ च्या दुष्काळासारख्या वर्षी हेच ताट रिकामे राहत असे.

आरोग्यासाठी जाणीवपूर्वक राहणी बदलण्याचा या प्रदेशातील सर्वांत ठळक प्रयत्न औंध संस्थानात झाला. औंध हे गाव आज सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात आहे, पण संस्थानाचा कुंडल आणि आटपाडी हा मुलूख आता सांगली जिल्ह्यात मोडतो. १९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे पदवीधर, चित्रकार आणि कीर्तनकार होते. तरुणपणी सुमारे दहा वर्षे त्यांनी युजेन सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीने, त्याच्या साधनांनिशी व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या उदाहरणावरून त्यांनी ती साधने सोडून सूर्यनमस्कार घालण्यास सुरुवात केली. म्हणजे ज्या व्यायामामुळे औंधचे नाव सर्वदूर झाले, त्याची प्रेरणा सांगलीकडच्या मिरजेहून आली होती.

बाळासाहेबांचे वेगळेपण असे की, हा नियम त्यांनी स्वतःपुरता ठेवला नाही. तालीम ही परंपरेने पुरुषांची जागा होती. तेथे कमावलेल्या शरीराचा घरातील बायकामुलांच्या प्रकृतीशी संबंध नसे. औंधच्या वाड्यात मात्र राणीसाहेब आणि मुले यांनीही नमस्कारांचा परिपाठ स्वीकारला, आणि पुढे संस्थानातील शाळांतून मुलांबरोबर मुलींनाही ते सक्तीचे झाले. १९२८ मध्ये बाळासाहेबांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक निघाले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले असता लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली आणि १९३८ मध्ये मॉर्गन यांच्याच संपादनाखाली लंडनमध्ये त्या विषयावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात आसनांबरोबर श्वासोच्छ्वास, बीजमंत्र आणि आहार यांनाही स्थान आहे, आणि हेच या पद्धतीचे मर्म मानले पाहिजे. व्यायाम एकट्याने करता येतो, पण आहार एकट्याला बदलता येत नाही, कारण मराठी घरात एका चुलीवर सर्वांचा स्वयंपाक होतो आणि वडीलधाऱ्यांच्या पानात जे वाढले जाते तेच मुलांच्या पानात येते.

या विचाराला त्या काळाची साथही होती. कुन्नूर येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅककॅरिसन भारतातील निरनिराळ्या प्रांतांच्या आहाराची तुलना करीत होते आणि कोंडा न काढलेले धान्य, दूध व पालेभाज्या यांचे महत्त्व दाखवीत होते; महात्मा गांधींनी १९३४ मध्ये स्थापन केलेला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ आणि गूळ यांचा पुरस्कार करीत होता.

वाड्यापासून दूर, साताऱ्यात, एकत्र जेवणाचा दुसराच अर्थ घडत होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या छत्रपती शाहू बोर्डिंग हाउसमध्ये सर्व जातींची गरीब मुले एका पंगतीत बसत, आणि त्यांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले. निवडीचा आहार हा पोट भरणाऱ्यांचा प्रश्न आहे, त्याआधी भाकरीचा प्रश्न सुटावा लागतो, ही जाणीव औंधच्या प्रयोगाला जेवढी हवी होती तेवढी कदाचित नव्हती.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत हे सत्य फार स्पष्ट उतरले आहे. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीत मास्तरांच्या खटपटीने तालीम बांधली जाते, खुद्द राजेसाहेब तिच्या उद्घाटनास येतात, आणि नंतर दुष्काळ पडून वाडीच उठून जाते. १९७२ च्या दुष्काळात याच पट्ट्यातील कुटुंबे खडी फोडण्याच्या कामावर गेली. तेथे वाटली जाणारी सुकडी, म्हणजे पूरक आहाराचे तयार पीठ, आणि अमेरिकेहून आलेली मिलो ही तांबडी ज्वारी त्या पिढीच्या आठवणीत राहिली.

या ताटातील मोठा बदल मात्र घराने ठरवून केलेला नव्हता. वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने सांगलीत १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखाना उभा राहिला, कराडजवळ रेठऱ्यासारख्या ठिकाणीही तसे कारखाने निघाले, आणि नदीकाठचे ज्वारीचे शेत उसाखाली गेले. उसाने घरांना पक्क्या भिंती आणि मुलांना महाविद्यालये दिली, हे मान्यच केले पाहिजे; परंतु त्याच पैशाबरोबर दिवसातून अनेकदा साखरेचा चहा, मैद्याची बिस्किटे आणि रोजची गव्हाची पोळी आली. स्वस्त धान्य दुकानातून प्रामुख्याने गहू आणि तांदूळच मिळत गेल्याने, एके काळी सणाला होणारी पोळी रोजची आणि रोजची भाकरी हौसेची झाली. शारीरिक श्रम कमी होत असतानाच हा पालट झाला, म्हणून मधुमेह आता शहरापुरता राहिलेला नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि कराड, इस्लामपूर, सांगलीतील अनेक कुटुंबे डॉक्टरांच्या सांगण्यावरून नाचणी व ज्वारीकडे वळत आहेत. मात्र बहुतेक घरांत ही भाकरी फक्त मधुमेह झालेल्या माणसासाठी वेगळी थापली जाते, बाकीच्यांच्या पानात पूर्वीचेच पदार्थ राहतात, आणि त्या माणसाचा नियमही काही महिन्यांत सुटतो. औंधच्या वाड्याने दिलेला धडा याच जागी उपयोगी आहे: पथ्य सर्वांचे झाले तरच ते एकाला पाळता येते. आणि माणच्या किंवा जतच्या मजुराच्या घरातही ते पाळले जावे अशी इच्छा असेल, तर २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्ये देण्याची जी तरतूद आहे, तिचा आधार घेऊन शासनाने याच तालुक्यांतील शाळू विकत घ्यावा आणि याच तालुक्यांतील रेशन दुकानांतून तो द्यावा.