छाटणीची नोंद

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. प्रयोगशाळेत सात-आठ जुने राउटर एकमेकांना जोडून माझे मल्टिकास्टचे प्रयोग चालले होते. एका टोकाला व्हिडिओ सोडला की दुसऱ्या टोकाच्या मशीनवर तो छान दिसायचा, आणि चार-साडेचार मिनिटांनी गप्प! पुन्हा जोडला, पुन्हा तेच.

म्हटलं, राउटरलाच विचारू. ट्रेस चालू केला, फ्लॅगच्या जागी सरळ 'ऑल' लिहिलं आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर फाइलमध्ये फक्त शेवटची काही मिनिटं. हवी ती ओळ केव्हाच पुसली गेली होती.

असं का झालं, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

इंटरनेटवर साधारणपणे हजार श्रोते असतील तर हजार प्रती पाठवाव्या लागतात. मल्टिकास्टमध्ये पाठवणारा एकच प्रत एका गटाच्या पत्त्यावर सोडतो आणि जिथे वाट फुटते तिथे राउटर तिच्या प्रती काढतात. ही कल्पना स्टॅनफर्डच्या स्टीव्ह डीअरिंग यांची. डीव्हीएमआरपी हा त्यासाठीचा प्रोटोकॉल १९८८ साली आरएफसी १०७५ म्हणून प्रसिद्ध झाला. गंमत म्हणजे आपलं कोण ऐकतंय हे पाठवणाऱ्याला ठाऊकच नसतं. मल्टिकास्टचं सगळं सौंदर्य यात आहे, आणि सगळी डोकेदुखीही!

मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगोला आयईटीएफची बैठक भरली होती. तिथला आवाज तीन खंडांतल्या २० ठिकाणी थेट ऐकवला गेला. बाजारातल्या राउटरना तेव्हा हे काम जमत नव्हतं. म्हणून युनिक्स मशीनवर 'एमराउटेड' नावाचा प्रोग्राम चालवायचा आणि मल्टिकास्टची पाकिटं साध्या पाकिटांत घालून पुढच्या मशीनकडे धाडायची. या जाळ्याला एमबोन म्हणत.

बिघाड झाला तर? एमराउटेड डीबग पर्यायासह चालवून तो काय करतोय ते वाचायचं. पण हे फक्त आपल्या मशीनपुरतं. मधली मशीनं दुसऱ्यांची, त्यांना ईमेल लिहून विचारायचं. मग 'एमट्रेस' आलं. त्याची युक्ती साधी होती. पाठवणाऱ्याला श्रोते माहीत नाहीत ना, मग श्रोत्यापासून उलटं चालत मूळ गाठायचं. वाटेतला प्रत्येक राउटर आपला पत्ता आणि पाकिटांची संख्या जोडतो. आकडा कुठे घसरला ते दिसलं, की गळती सापडली. याची दुसरी आवृत्ती २०१८ साली आरएफसी ८४८७ म्हणून प्रसिद्ध झाली.

पुढे राउटर स्वतःच ट्रेस लिहू लागले. फाइलचं नाव, आकार, किती फाइली ठेवायच्या आणि कोणते फ्लॅग, एवढं सांगायचं. ठरलेल्या फाइली भरल्या की सर्वांत जुनी जाते. डीव्हीएमआरपीमध्ये शेजारी दर १० सेकंदांनी 'मी आहे' असा प्रोब पाठवतात आणि दर ६० सेकंदांनी मार्गांची यादी. 'ऑल' लिहिलं की पाकिटन् पाकीट नोंदवलं जातं. माझ्या फाइली या 'मी आहे, मी आहे'नेच भरल्या होत्या!

दुसऱ्या दिवशी फाइलीचा आकार वाढवला आणि दोनच फ्लॅग ठेवले, 'प्रून' आणि 'ग्राफ्ट'. म्हणजे आपली छाटणी आणि कलम. ज्या फांदीवर कोणी ऐकत नाही ती छाटायची, कोणी आलं की पुन्हा जोडायची. या वेळी ओळ सापडली. शेवटच्या राउटरने चार मिनिटं वीस सेकंदांनी छाटणी मागितली होती. 'अजून कोणी ऐकतंय का?' हा त्याचा प्रश्न मधला एक स्विच गिळत होता. उत्तर न आल्यामुळे २६० सेकंदांनी राउटरने नियमाप्रमाणे श्रोता गेला असं धरलं. श्रोता बिचारा तिथेच बसलेला!

२०२० साली आरएफसी ८८१५ ने सल्ला दिला, की कोणीही पाठवावं आणि कोणीही ऐकावं असं मल्टिकास्ट वेगवेगळ्या संस्थांच्या जाळ्यांमध्ये आता वापरू नये. कारणं बरीच, पण बिघाड शोधणं कठीण हे त्यातलं एक. एकाच कंपनीच्या जाळ्यात मात्र टीव्हीच्या वाहिन्या आजही मल्टिकास्टने पोचवतात. तिथे सगळे राउटर आपलेच, सगळ्यांच्या नोंदी वाचता येतात.

असो. सगळंच लिहून ठेवलं की हवं तेच हरवतं, हे मी पुस्तकात नाही, चहाच्या एका कपात शिकलो.